चकच्या सदोष सरकपट्टीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : लाकूड कातण्याच्या लेथसाठी घेतलेल्या चार जबड्यांच्या चकमधील क्रमांक 4 ची सरकपट्टी सदोष असल्याबाबत

महोदय,

मी गेली सहा वर्षे छंद म्हणून लेथवर लाकूड कातते. कामावर जाण्यापूर्वीचा रोजचा एक तास माझा या कामासाठी राखलेला असतो. लेथवर लाकूड चार जबड्यांत आवळून धरणारा आपल्या कंपनीचा चक मी दोन महिन्यांपूर्वी घेतला. त्याचा प्रत्येक जबडा आत-बाहेर सरकणाऱ्या एका सरकपट्टीवर बसतो. त्यात धरलेला वाडगा लंगडतो या माझ्या पहिल्या तक्रारीला आपण "ग्राहकाने बुडाचा खुंट गोल कातलेला नसावा" असे एका ओळीचे उत्तर दिले. (खुंट म्हणजे चकने पकडण्यासाठी वाडग्याच्या बुडाला राखलेला गोल भाग.) ते मला मान्य नसल्यामुळे हे दुसरे पत्र सविस्तर लिहीत आहे.

ओल्या लाकडाचा वाडगा मी आधी जाडसर कातून ठेवते. 24 सेंटीमीटर व्यासाला साधारण 24 मिलीमीटर जाडीची भिंत राखते आणि दर रविवारी वजन करून तो आकडा पेन्सिलने बुडावर लिहिते. वजन उतरायचे थांबले की वाडगा वाळला असे समजायचे. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे वाळलेला वाडगा लंबगोल होतो, आणि त्याबरोबर त्याचा खुंटही. ही गोष्ट मला पुरती ठाऊक आहे. म्हणूनच वाडगा चकमध्ये धरण्यापूर्वी मी तो खुंट पुन्हा गोल कातून, कॅलिपरने चार ठिकाणी मोजून घेतला होता.

तरीही आठ महिने वाळवलेला वाडगा चकमध्ये आवळून लेथ सुरू करताच लंगडू लागला. मी लेथ लगेच बंद केला आणि वाडगा काढून पाहिला, तर खुंटावर तीन जबड्यांचे खोल व्रण होते आणि चौथ्याच्या जागी लाकूड कोरेच्या कोरे होते. चक रिकामा करून जबडे पूर्ण मिटवले, तेव्हा तीन जबडे मध्यावर भिडले, पण चौथा एक मिलीमीटरहून अधिक मागे राहिला. चारही सरकपट्ट्या काढून आतला भुसा ब्रशने साफ केला आणि 1, 2, 3, 4 या क्रमाने त्या तीन वेळा बसवल्या, पण फट तेवढीच राहिली.

त्यानंतर मी क्रमांक 3 आणि 4 च्या पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. चकच्या आतला, पट्ट्या सरकवणारा आटा सर्पिल असल्यामुळे प्रत्येक पट्टीचे दात आधीच्या पट्टीपेक्षा पाव आट्याने सरकलेले असावे लागतात, आणि पट्ट्यांवर क्रमांक असतात तेही त्याचसाठी. माझ्याकडच्या या दोन पट्ट्यांचे दात मात्र एकमेकांशी तंतोतंत जुळतात. याचा अर्थ, जिच्यावर 4 हा आकडा ठोकला आहे ती पट्टी प्रत्यक्षात 3 ची आहे. ही चूक आपल्या कारखान्यातली आहे. माझ्या हातून घडलेली नाही.

मिनिटाला 1000 फेऱ्यांवर या वाडग्याची कड ताशी सुमारे 45 किलोमीटर वेगाने फिरते. तेवढे लाकूड तीनच जबड्यांच्या भरवशावर धरलेले असेल आणि ते निसटले, तर चेहऱ्यावरची ढाल प्रत्येक वेळी पुरेल असे नाही. मला सहा वर्षांचा सराव असल्याने लेथचा आवाज बदलताच हात बटणाकडे गेला. नुकतेच शिकू लागलेल्या माणसाला हे कळणार नाही, आणि आपल्यासारखेच उत्तर त्याला मिळाले तर तो स्वतःच्या हातालाच दोष देत बसेल. मला सर्वांत जास्त लागले आहे ते हेच.

तरी आपण मला एकाच संचातल्या, तपासून जुळवलेल्या चारही सरकपट्ट्या विनामूल्य पाठवाव्यात. केवळ एक पट्टी बदलून चालणार नाही. त्याचबरोबर माझ्या चकच्या तुकडीतील इतर चक तपासून त्यांच्या ग्राहकांना लेखी कळवावे आणि आपल्याकडच्या माझ्या तक्रारीच्या नोंदीतील "वापरातील चूक" हा शेरा काढून टाकावा. बिलाची प्रत, खुंटावरील व्रणांचे आणि दोन्ही पट्ट्यांच्या दातांचे फोटो सोबत जोडले आहेत. सदोष पट्टी मी जपून ठेवली असून आपण मागाल तेव्हा पाठवीन. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे जावे लागेल.

वाळलेले आणखी पाच वाडगे फळीवर तसेच पडून आहेत; नव्या पट्ट्या येईपर्यंत मी त्यांतला एकही या चकमध्ये धरणार नाही.

आपली,
एक ग्राहक