प्रिय विन्या, यादी चार मार्चला बंद होते

ट्रॉय, मिशिगन
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय विन्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझी शुगर बरी आहे. मृणालचा गुडघा तसाच. म्हणते, आता मुलगीच करेल ऑपरेशन, तोवर लंगडते. थंडी आहे. तब्येत-हवामान संपलं.

काल रात्री मुक्ताचा फोन आला आणि तिनं रेसिडेन्सीची रँक लिस्ट वाचून दाखवली. सगळी ऑर्थोची, हाडांच्या सर्जरीची नावं. शेवटचं वाचून ती थांबली. मी म्हटलं, पुढं? तर म्हणे, ‘पुढं काही नाही बाबा, एवढीच.’ अगं, जनरल सर्जरीच्या मुलाखती दिल्यास की नाही? ‘दिल्या. पण त्या नाही घालणार.’ विषय बंद. मृणाल उठून भांडी घासायला लागली, घरात डिशवॉशर असताना.

आणि मला रात्रभर आप्पा दिसत राहिले. तू एमबीबीएसचे फॉर्म भरून हिंडायला मोकळा, आणि आप्पांनी तुझ्या नकळत आयुर्वेदचा फॉर्म आणला, भरला, खाली तुझी सही ठोकली आणि टाकला पोस्टात. ती सही तुझ्या सहीपेक्षा बरी होती हे मी तेव्हाही म्हणालो होतो. म्हणून हे पत्र तुला. इथं मंडळात सतरा डॉक्टर आहेत, सगळे शहाणे, पण हे त्यांना विचारता येत नाही.

तुला मी हे प्रकरण तुकड्यातुकड्यानं सांगत आलोय, आता सलग सांगतो. मुक्ता एमडी, म्हणजे इथली एमबीबीएस, नाही; ती डीओ, ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजातली डॉक्टर. इथं चौथ्या वर्षाची पोरं आपल्या पसंतीनं रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात शिकायच्या, प्रोग्रामची यादी करतात, प्रोग्राम त्यांच्या पसंतीनं पोरांची करतात, आणि कॉम्प्युटर जुळवतो. चार मार्चला रात्री नऊला यादीला कुलूप. सोळा मार्चला, सोमवारी, फक्त ‘जागा मिळाली’ की ‘नाही’ एवढंच कळतं. कुठं मिळाली ते शुक्रवारी, वीस तारखेला. पाडवा एकोणीसला, म्हणजे गुढी कुठल्या तोंडानं उभारायची ते सोमवारीच ठरणार. नाही मिळाली तर गुरुवारपर्यंत उरलेल्या जागांची पळापळ, आणि त्यात ऑर्थोची जागा जवळपास नसतेच. एक वर्षाच्या सर्जरीच्या जागा असतात. वर्षभर राबायचं आणि पुढचं काही ठरलेलं नाही. नाहीतर वर्षभर कुणा सर्जनच्या हाताखाली पेपर लिहायचे आणि पुन्हा अर्ज.

आता माझ्यातला इंजिनिअर. ज्या पद्धतीनं हे जुळवतात ती एल्विन रॉथ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं एका सहकाऱ्याबरोबर नव्यानं बांधली. पुढं २०१२ चं नोबेल त्याला ह्याच विषयावर मिळालं, लॉइड शॅपलीबरोबर. तिची गंमत अशी की खाली कितीही नावं लिहिली तरी वरच्या नावांची संधी रतीभरही कमी होत नाही. वरचं एकही जमलं नाही तरच खालचं बघतात. म्हणजे खाली जनरल सर्जरी लिहिल्यानं तिचं काहीच जात नाही! हे मी तिला आकृती काढून दाखवलं, व्हिडिओ कॉलवर. ती म्हणाली, ‘बाबा, गणित बरोबर आहे. पण खालचं लागलं तर तिथं जावंच लागतं. ते बंधन आहे. मग ऑर्थोचं दार मीच लावून घेतलं.’ ह्यावर रॉथनं काय लिहिलंय ते मला सापडलं नाही.

तुला वाटेल, हुशार पोरगी, एवढं काय घाबरतोस. आकडे बघितले तर घाबरायला जागा नाही. गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या डीओ मुलांपैकी ९२.६ टक्क्यांना जागा मिळाली, एमडीवाल्यांपैकी ९३.५ टक्क्यांना. फरक केवढा? एका टक्क्याचा. मंडळातले लोक हाच आकडा माझ्या तोंडावर फेकतात. पण तो सगळ्या शाखांचा आहे रे. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, सगळं धरून. ऑर्थो, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक असल्या ठिकाणी गेलास की दोन पदव्यांमधलं अंतर उघडं पडतं. ऑर्थोच्या देशभरात नऊशेच्या वर जागा आहेत, आणि त्यातले कितीतरी प्रोग्राम असे की आजवर त्यांनी एक डीओ घेतलेला नाही. वेबसाइटवर तसं कोण लिहील? तिथं ‘सर्वांचं स्वागत’ असतं. एका ठिकाणी ती महिनाभर राबायला गेली, पहाटे चारला उठून, आणि शेवटच्या आठवड्यात तिथल्याच एका रेसिडेंटनं कॉफी पिता पिता सांगितलं की आमचे साहेब डीओ घेत नाहीत, तू इतरत्र लक्ष दे. बिचारा चांगलाच होता. पण हे पहिल्या आठवड्यात सांगायला काय झालं होतं?

तिच्या कॉलेजला स्वतःचं मोठं हॉस्पिटल नाही, बऱ्याच डीओ कॉलेजांना नसतं. पोरं गावोगावच्या हॉस्पिटलांत विखुरलेली. म्हणजे घरचा ऑर्थो विभाग नाही, विभागप्रमुखाची चिठ्ठी नाही, संशोधनाला ओळखीचा प्राध्यापक नाही. सगळं बाहेर जाऊन मिळवायचं, चार-चार आठवडे, स्वतःच्या खर्चानं. परीक्षा दोन-दोन: डीओंची कॉमलेक्स वेगळी, आणि एमडींची यूएसएमएलई वर. दुसरी सक्तीची नाही, पण ऑर्थो मागणारं पोर ती दिल्याशिवाय राहत नाही. पूर्वी यूएसएमएलईच्या पहिल्या भागाला, स्टेप वनला, दणदणीत मार्क काढून ‘बघा, मी तुमच्यापेक्षा कमी नाही’ म्हणता यायचं. जानेवारी २०२२ पासून ती परीक्षा नुसती पास-नापास झाली. पोरांवरचा ताण कमी करायला म्हणे. ज्यांच्या कॉलेजला नाव आहे त्यांचा झाला असेल.

ऑर्थोला अर्ज करताना तीस प्रोग्रामना खूण करता येते की ‘मला तुम्ही खरंच हवे आहात’. त्या तीस खुणा कुठं टाकायच्या म्हणून ही पोरगी उन्हाळाभर प्रोग्रामच्या साइटवर रेसिडेंटांचे फोटो बघत बसली होती, कुणाच्या नावापुढं डीओ आहे का. आपल्यातलं कुणी आहे का! विन्या, आपण गाव सोडलं, देश सोडला, हे नाही सुटलं.

२०२० पर्यंत डीओंच्या वेगळ्या रेसिडेन्सी होत्या, त्यात ऑर्थोच्याही, आणि इथं मिशिगनमध्ये तर भरपूर. मग दोन्ही व्यवस्था एक केल्या. कागदावर समता. त्या जागा एमडींना खुल्या झाल्या. एमडींच्या जागा डीओंना आधीपासून खुल्याच होत्या, वेबसाइटवर. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू इतका मोठ्यानं हसलास की ओपीडीतला पेशंट घाबरला असेल.

आणि मग आपलं भांडण. मी एवढंच म्हणालो होतो की मुक्ताचं तुझ्यासारखंच झालंय. तू फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी मेसेज: ‘तिला तोच लायसन्स, तीच औषधं, तीच कात्री, पन्नासही राज्यांत. माझ्याशी बरोबरी करू नकोस, दोघांचाही अपमान होतो.’ लायसन्सचं मान्य. पण मी लायसन्सबद्दल बोलतच नव्हतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी मृणालला विचारलं, ‘डीओ म्हणजे ते मालिश करतात तेच ना?’ त्या वेळी मृणालच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी एकदाच पाहिलंय, तुझ्या लग्नात, मुलीकडच्या एका मामांनी ‘जावई डॉक्टर, म्हणजे आयुर्वेदिक ना?’ म्हटलं तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावर. मी त्याबद्दल बोलत होतो. २०२० ला तुम्हा आयुर्वेदाच्या सर्जनांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली आणि तू ती लॅमिनेट करून केबिनमध्ये लावलीस, तेव्हाही मी त्याविरुद्धच्या आयएमएच्या, ॲलोपॅथीवाल्यांच्या, संपाच्या बाजूनं बोललो म्हणून तू दोन महिने अबोला धरलास. मी अजून त्याच बाजूला आहे, सांगून ठेवतो. पण लॅमिनेशन का केलंस ते मला तेव्हाही कळलं होतं.

एक किस्सा तुझ्यासाठी राखून ठेवलाय. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियानं डीओ संपवायचे ठरवले. कसे? ६५ डॉलर भरा, एमडीचा कागद घेऊन जा. हजारो डीओ एका झटक्यात एमडी! काल मालिशवाले, आज डॉक्टर. नवे डीओ मात्र बंद, ते १९७४ ला कोर्टानं पुन्हा सुरू केले. मुक्ता म्हणते, आज ६५ मागितले तर महागाई धरून देईन.

ह्या पंथाचा मूळपुरुष अँड्र्यू टेलर स्टिल. १८६४ ला मेंदूज्वरानं त्याची तीन मुलं गेली, तेव्हाच्या औषधांवरचा विश्वास उडाला, आणि १८९२ ला त्यानं मिसुरीत कर्क्सव्हिलला कॉलेज काढलं. पहिल्याच वर्गात बायका होत्या. आणि आज सव्वाशेहून जास्त वर्षांनी त्याच पंथातली माझी मुलगी, बायका सर्वांत कमी असलेल्या शाखेत घुसायला बघतेय. मालिश पण येतं हो तिला, दिवाळीत माझी मान अशी काही वळवली की मी आईचं नाव घेतलं. दुखणं मात्र गेलं.

काल फोन ठेवताना मी म्हटलं, जनरल सर्जरी म्हणजे काय पानाची टपरी आहे का? पाच वर्षांचं सन्मानाचं शिक्षण आहे. तर म्हणाली, ‘माझ्याबरोबर एक एमडीचा मुलगा होता, माझ्याहून कमी मार्क. त्याचे बाबा त्याला हे विचारत नाहीत.’ मी म्हटलं, त्याच्या बापाला गरज नाही. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘तेच म्हणतेय मी.’

अडीच लाख डॉलरच्या वर कर्ज आहे तिच्या डोक्यावर, विन्या. ते मी बोललो नाही. मला तिचा पासवर्ड माहीत नाही हेही बरंच आहे. आप्पांना नुसती सही लागली होती.

म्हणून सरळ विचारतो. आप्पांनी केलं ते बरोबर होतं का? शल्यतंत्राला एमएस झालास, कराडात स्वतःचं हॉस्पिटल टाकलंस, आज तुझ्या दारात रांग असते. तरी तू ह्यावर कधी बोलला नाहीस. आप्पांच्या तेराव्याला मी विचारलं तेव्हा ‘जेवून घे’ म्हणालास. आता पोरीसाठी बोल. माझ्या बाजूनं बोलायची गरज नाही. खरं काय ते तिला सांग. ‘लिहू नकोस’ असं तुझं उत्तर असेल तर तेही तिलाच सांग, मला नको, मी ऐकणार नाही.

ओंकारचं लग्न ठरलं हे मला सुहासकडून कळतं, शोभतं का हे? तारीख कळव, मेनंतरची असेल तर तिघंही येतो. सोनोग्राफीचं मशीन आलं का? वहिनींना नमस्कार, त्यांच्या भाच्याच्या व्हिसाचं मी विसरलेलो नाही.

फोन चार तारखेच्या आधी कर. तिच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तुझ्याकडे सकाळचे साडेसात, ओपीडीच्या आधी होईल. मी पत्र लिहिलंय हे सांगू नकोस. तिला ते कळेलच, पण तू सांगू नकोस.

तुझा,
दिल्या