फुकट कोर्स ढीगभर आहेत, शेजारी बसायला कोणी नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागून गेले की घरोघरी एक सल्ला हमखास ऐकू येतो, नोकरी लागेपर्यंत रिकामं कशाला बसतेस, कोडिंग शिक, नेटवर सगळं फुकट आहे. सल्ला चुकीचा नाहीये, खरंच सगळं फुकट आहे आणि चांगलं पण आहे. पण त्याच्या मागोमाग जे वाक्य येतं ना, की एवढं फुकट मिळून पण ही पोरं पूर्ण करत नाहीत, जिद्दच नाही यांच्यात, ते मला पटत नाही आणि त्यासाठीच हे पत्र. मी बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय आणि आता घरी बसून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतीय, माझ्या ओळखीच्या बऱ्याच मुलामुलींचं पण हेच चाललंय, त्यामुळे नेमकं कुठं अडतं ते जवळून बघितलंय.

आधी काय काय मिळतं ते सांगते कारण बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून 2003 ला एनपीटीईएल हा ऑनलाइन कोर्सेसचा उपक्रम सुरू केला, आता त्याचे कोर्स सरकारच्या स्वयम् पोर्टलवर असतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद सर पायथनमधून डेटा स्ट्रक्चर, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कशी मांडून ठेवायची ते, शिकवतात, इतकं शांतपणे की आमच्यासारख्या कॉम्प्युटरची डिग्री नसलेल्यांना पण समजतं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस-फिफ्टी हा कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून देणारा कोर्स घरबसल्या फुकट करता येतो. आणि इंग्लिशला घाबरणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, दहा दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठीत पण आहेत, पण आमच्या कॉलेजात तीन वर्षांत मी त्याचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

आता जिद्दीचं. 2019 ला सायन्स या नियतकालिकात एमआयटीच्या दोन संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशोब मांडला होता. 2017-18 मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे होते 3.13 टक्के, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी नाव नोंदवल्यावर कोर्स उघडून पण बघितला नव्हता. म्हणजे हे जगभरातल्या लोकांचं होतंय, त्यात नोकरी करणारे, शिकलेसवरलेले सगळे आले, एकट्या आमच्या तालुक्यातल्या पोरांना नावं ठेवून काय उपयोग. त्याच अभ्यासात सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांपैकी 46 टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. आता पैसे भरणारा आधीच ठरवून आलेला असतो हे मान्य, पण तरी मला वाटतं की कुणीतरी आपली वाट बघतंय, काहीतरी तारीख आहे, याचा फरक पडतोच पडतो.

अडतं कुठं ते एका उदाहरणावरून सांगते. सीएस-फिफ्टीमध्ये सुरुवातीलाच मारिओ गेममधल्यासारखा पिरॅमिड काढायचा असतो, हॅशचं चिन्ह (#) वापरून, पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, आणि तो उजव्या बाजूला टेकलेला पाहिजे. व्हिडिओ बघताना लूप, म्हणजे तीच कृती परत परत करायला लावणारा कोड, एकदम समजलेला असतो, मान डोलावलेली असते, आणि स्वतःची कोरी फाईल उघडली की हात चालत नाही. माझा पिरॅमिड डावीकडेच चिकटून बसायचा, रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडायचा, तोच कोड बघायचा, दोन ओळी बदलायच्या, परत तेच, मग हळूहळू लॅपटॉप उघडायचीच इच्छा होईना. मग आत्याचा मुलगा सुट्टीला आला, तो पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यानं कोड बघितलाच नाही, म्हणला वही घे आणि उंची चार असेल तर प्रत्येक ओळीत आधी मोकळ्या जागा किती आणि हॅश किती ते लिही. तीन आणि एक, दोन आणि दोन, एक आणि तीन, शून्य आणि चार. लिहिता लिहिताच दिसलं की दोन्हीची बेरीज कायम चार येतीय, म्हणजे हॅश छापायच्या आधी उंचीतून ओळीचा नंबर वजा करून तेवढ्या जागा सोडायच्या. चहा गार व्हायच्या आत प्रश्न सुटला. शिकवलं त्यानं काहीच नाही, नुसता शेजारी बसला होता!

अशा कितीतरी बारीक गोष्टी असतात. माझ्या मैत्रिणीनं यूट्यूबवर एक जुना व्हिडिओ लावला, त्यातला माणूस प्रिंट या कमांडच्या पुढं कंस देत नाही, हिनं तसंच टाईप केलं तर सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याची पद्धत चुकली असा मेसेज. तिला वाटलं आपल्यालाच जमत नाही, पहिलीच ओळ चुकतीय. आता तो व्हिडिओ पायथन दोनचा होता, ते व्हर्जन 1 जानेवारी 2020 पासून बंद झालंय, तिच्या लॅपटॉपवर पायथन तीन आहे आणि त्यात कंस लागतोच, पण हे तिला सांगणार कोण? तिनं शिकणंच सोडलं. लोक म्हणणार मोटिव्हेशन संपलं. माझ्या मते मोटिव्हेशन असं आपोआप संपत नाही, अडकल्यावर विचारायला कोणी नसलं की माणूस स्वतःवर शंका घ्यायला लागतो आणि तिथंच सगळं संपतं.

त्यात घरचं वातावरण. एमपीएससी करणारा मुलगा पुस्तकं घेऊन बसला की घरात टीव्हीचा आवाज कमी होतो. आम्ही स्क्रीनसमोर बसलो की सारखंच मोबाईल नाहीतर लॅपटॉप चालूय, जरा कणीक मळ, पाहुणे आलेत बाहेर ये. घरच्यांचा पण दोष नाही, त्यांना यातलं काय अभ्यास आणि काय टाईमपास हे दिसणार कसं. वर दर महिन्याला ठरलेला प्रश्न, याचं सर्टिफिकेट मिळतं का आणि त्यावर नोकरी लागते का, आणि याचं सरळ हो असं उत्तर देता येत नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. आपल्याकडं गावोगावी अभ्यासिका आहेत, नगरपालिकेच्या, वाचनालयांच्या, मंडळांच्या. तिथं पहाटेपासून पोरं बसलेली असतात, सरांशिवाय अभ्यास करतात, आणि वर्षानुवर्षं टिकतात कारण शेजारच्या खुर्चीवर अजून कोणीतरी तेच पुस्तक घेऊन बसलेलं असतं, एक अडला की दुसरा सांगतो, एक आला नाही की बाकीचे फोन करतात. एमएससीआयटीला पण आपल्या गावातल्या बायका, वयस्कर क्लार्क सगळे बसले आणि पास झाले, नोकरीत लागत होतं हे खरं, पण बॅचची वेळ ठरलेली होती आणि सेंटरवर विचारायला माणूस होता हे पण तेवढंच खरं. मग याच अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ कोडिंगवाल्यांसाठी एक टेबल का असू नये? वेगळा क्लास नको, सर नकोत, एक प्लगबोर्ड, वायफाय आणि तिथं बोललं तर चालेल एवढी परवानगी. कारण आत्ता अभ्यासिकेत लॅपटॉप चालतो पण बोलायचं नसतं, आणि आमचं काम बोलल्याशिवाय होत नाही.

कॉलेजांनी पण मनावर घ्यावं. एनपीटीईएलची लोकल चॅप्टर, म्हणजे कॉलेजातली केंद्रं, बऱ्याच ठिकाणी आहेत, तिथं मार्गदर्शक शिक्षक असतात, पण मी विचारायला गेले तर सांगितलं की हे चालू विद्यार्थ्यांसाठी आहे. पास होऊन घरी बसलेल्यांनाच तर याची जास्त गरज आहे! कोर्स फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी, बहुतेक कोर्सना पंचवीस टक्के मार्क दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि पंच्याहत्तर टक्के सेंटरवर जाऊन द्यायच्या परीक्षेचे, एवढी शिस्त त्यांनी आधीच लावून दिलीय. कॉलेजनं फक्त शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवली आणि माजी विद्यार्थ्यांना आत घेतलं तरी दहा बारा जण एकाच कोर्सला एकदम बसतील, आणि माझी खात्री आहे की त्यातले निम्मे तरी शेवटपर्यंत जातील.

पुण्या मुंबईत आयटीत असलेल्या आपल्या गावच्या मंडळींना पण विनंती आहे, गणपतीला, दिवाळीला गावी येता तेव्हा एक संध्याकाळ त्या टेबलाला द्या. भाषण नको, तुमची यशोगाथा पण नको, अडकलेल्या पोराच्या शेजारी बसून त्याच्या वहीत चार ओळी लिहून घ्या.

आम्ही पाच जणांनी सही करून इथल्या वाचनालयाला तसा अर्ज दिलाय, गुरुवार संध्याकाळ मागितलीय, पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणालेत. दुसऱ्या कुठल्या गावात असं काही आधीच चालू असेल तर त्यांनी तुमच्या पेपरमधून कृपया कळवावं, वेळ कशी ठरवली, लाईट बिलाचं काय केलं, मुलींसाठी किती वाजेपर्यंत ठेवलं, हे आम्हाला बैठकीच्या आधी कळलं तर फार मदत होईल.

आपली,
एक वाचक, सोलापूर जिल्हा