तुर्भ्याच्या त्या दोघांचे आभार

ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याजवळ अडलेल्या आमच्या जुन्या डिझेल जीपला हात लावणाऱ्या दोघांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहिली. सेल्फ नुसता 'कट्' वाजायचा, बॅटरी मात्र 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. ‘बॅटरी बदला’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ. यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टोकावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला लावला. 2 व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टही जास्तच. म्हणजे अर्थिंग, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतची जोडणी, खराब. खाडीची खारी हवा, त्यात पावसाळा. अर्थिंगच्या पट्टीच्या लगखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीखाली, हिरवा गंज. आधी बॅटरीची मायनस काढली, पॉलिश पेपरने धातू चकचकीत होईस्तोवर घासला, बोल्ट आवळून वरून ग्रीस. चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर 14.1 व्होल्ट देतोय हे बघूनच निघाले. चहालाही थांबले नाहीत.