शेवटची गाडी अर्धा तास थांबवा

महोदय,

गेला आठवडाभर आईला घेऊन सांगलीत मनसोक्त करमणूक अनुभवली. सोमवारी कीर्तन, बुधवारी चित्रपट, शुक्रवारी शास्त्रीय गायनाची मैफल. पण तिचा जीव रमला तो शनिवारच्या संगीत नाटकात. तिसरी घंटा झाली, धुपाचा वास दरवळला, ऑर्गनचे सूर लागले आणि नांदी सुरू होताच तिने माझा हात घट्ट धरला. पुढे एका पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला, त्यात पहिली टाळी तिचीच. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ हे नाटक याच सांगलीत रंगवलं; तिचं माहेरही इथलंच.

दुसरा अंक संपला आणि आम्हाला उठावं लागलं, कारण आमच्या गावची शेवटची गाडी चुकली असती. थांब्यावर आमच्यासारखीच अर्धं नाटक सोडून आलेली बरीच वयस्कर मंडळी भेटली. प्रयोगाच्या रात्री ही गाडी अर्धा तास उशिरा सोडावी, आणि नाटक संपण्याची वेळ जाहिरातीत छापावी, ही संबंधितांना कळकळीची विनंती. तिसऱ्या अंकात पुढे काय झालं, हे आई अजून विचारते आहे.

– एक नाट्यरसिक, सांगली जिल्हा