गोठ हौसेने उतरले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, दोन महायुद्धांमधल्या काळात मराठी स्त्रीचा पेहराव कसा बदलला यावरचा लेख वाचला. 'नाजूक दागिन्यांची आवड वाढली आणि तोडे, गोठ, सरी असे जडशीळ दागिने मागे पडले,' या वाक्याने कालपासून डोकं उठलं आहे. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांत तसं झालं असेल. नऊवारीची पाचवारी आधी तिथेच झाली, हेही मान्य. पण आमच्या खानदेशात बाईच्या अंगावरचं सोनं गेलं ते सरकारचा शेतसारा भरायला.

माझी आजी जामनेर तालुक्यातली, घरी कोरडवाहू कापूस. १९२९ च्या मंदीनंतर दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सारा मात्र रोखीत भरायचा, आणि सावकाराचं व्याजही कमी होईना. त्यातच सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली ठरावीक दराची बांधणी मोडली, आणि पौंड घसरला. रुपया स्टर्लिंगला, म्हणजे त्याच पौंडाला, १ शिलिंग ६ पेन्स या दराने बांधलेलाच राहिला, म्हणून इथेही सोनं महागलं. तोळ्याला २१ रुपयांच्या आसपासचा भाव पंचविशीपलीकडे गेला. कापसाला भाव नाही आणि सोन्याला आहे म्हटल्यावर शेतकऱ्याने काय विकायचं? पुढची काही वर्षं मुंबई बंदरातून कोट्यवधी रुपयांचं सोनं बोटींनी बाहेर गेलं. त्यात खेड्यापाड्यांतल्या बायकांचे गोठ-पाटल्या होत्या, आणि लेखात त्यावर एक ओळ नाही.

आजीचे गोठ हातातून निघेनात. बाळंतपणानंतर हात भरले होते, साबणाचं पाणी लावूनही उपयोग झाला नाही. शेवटी जळगावला सराफाच्या पेढीवर ते हातातच कापावे लागले. मनगटावरचा तो वण तिने आम्हा नातवंडांना दाखवला होता. सराफाने आतली लाख काढली, वजन केलं, वर घटही धरली. हातात आलेल्या पैशात सारा भागला, सावकार तसाच राहिला. त्यानंतर आजीच्या गळ्यात कायम काळी पोत आणि हातात काचेच्या बांगड्या. ही तिची आवड होती, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

'बोलपट आला आणि लोकांनी संगीत नाटकाकडे पाठ फिरवली,' असंही त्याच लेखात आहे. पहिला मराठी बोलपट १९३२ चा. पण जळगाव, अकोला, अमरावतीला नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडायचे ते कापसाच्या पैशावर. तो पैसाच आटला होता. जिथे तिथे 'अभिरुची बदलली' म्हणण्याआधी लेखकाने त्या सालांतले कापसाचे भाव तरी पाहायचे.

आणि लेखासोबतचा तो फोटो! त्या बाईच्या हातात निव्वळ काचेच्या बांगड्या आहेत आणि खाली ओळ 'नव्या अभिरुचीचे दर्शन'. कोणत्या गावची, कोणत्या सालची, काहीच छापलेलं नाही. तिचे दागिने कुठे गेले, हे तुम्हाला कसं कळलं? जुने फोटो छापताना निदान गाव आणि साल द्यावं, हे मी पूर्वीही कळवलं होतं. त्या पत्रातला नेमका तेवढाच भाग गाळून तुम्ही बाकीचं छापलंत. या वेळी तसं करू नये, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, जळगाव