मालिकांच्या नावांना कात्री लावू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाने लिहिले आहे की, दूरदर्शनच्या जुन्या मालिकांत सगळे अस्सल होते, आता मात्र तेच चेहरे, त्याच गोष्टी आणि त्याच चाली. पत्र आवडले, मुद्दा पटला नाही. तेच चेहरे आणि त्याच चाली तेव्हाही भरपूर होत्या. फरक एवढाच, की तेव्हा मालिकेच्या सुरुवातीची नावे आपण वाचत होतो.

आमच्या डोंबिवलीच्या घरी मी आणि ताईने एका शंभर पानी वहीत मागच्या बाजूने ही नावे उतरवायला सुरुवात केली होती. कलाकार ताईकडे, लेखक आणि संगीत माझ्याकडे. नावे भराभर सरकायची. पेन्सिलीचे टोक मोडले की संगीतकार गेला तो पुढच्या आठवड्यापर्यंत.

या वहीत १९८५ च्या ‘विक्रम और बेताल’चे एक पान आहे आणि पुढे ‘रामायण’चे. अरुण गोविल, दीपिका, सुनील लहरी, विजय अरोरा ही नावे दोन्ही पानांवर! २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झाले, आजी हात जोडून टीव्हीपुढे बसली, आणि ताई म्हणाली, “अगं आजी, हा तर विक्रम! पाठीवरचं प्रेत कुठे ठेवून आला?” त्या दिवशी ताईला शिरा मिळाला नाही. पुढे चोप्रांचे ‘महाभारत’ आले. निर्माते बदलले, युग बदलले, पण हनुमान तोच, दारा सिंग. आजीला त्यात काहीच वावगे वाटले नाही. हनुमान चिरंजीव असतो, म्हणाली.

ओम पुरी या एका नावापुढे ताईने इतक्या खुणा केल्या आहेत की कागद फाटायला आला आहे. ‘तमस’मधला नत्थू तो. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’चा निवेदकही तोच, आणि त्याच मालिकेत नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले तेव्हा समोर औरंगजेब म्हणूनही हाच उभा. त्याच सुमाराच्या ‘मिस्टर योगी’त मोहन गोखले बारा राशींच्या मुली पाहत हिंडत होते, तेव्हा मध्ये मध्ये येऊन चिमटे काढणारा सूत्रधार पुन्हा ओम पुरी. आम्हाला कंटाळा आल्याचे आठवत नाही. नाटक कंपनीत एकच नट सोमवारी राजा आणि मंगळवारी हुजऱ्या होतो, तसे ते आम्ही पाहत होतो. कुंदन शाह यांचीही अशीच मंडळी होती. ‘नुक्कड’मधला पवन मल्होत्रा ‘सर्कस’च्या तंबूत भेटला की ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे व्हायचे.

गोष्टींचे म्हणाल, तर बेतालाच्या कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत, म्हणजे किमान अकराव्या शतकापासून त्या हातोहात चालल्या आहेत. अमोल पालेकरांची ‘कच्ची धूप’ एका अमेरिकन कादंबरीवरून आली. ‘जबान संभालके’ तर सरळ सरळ ‘माइंड युअर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवरून. तिथे विलायतेत इंग्रजी शिकवत होते, इथे हिंदी, एवढाच बदल. पण विजू खोटे यांचा विठ्ठल बापूराव पोटे विलायतेहून आणलेला कोण म्हणेल? त्याच वर्गाची प्रमुख त्यांची सख्खी बहीण शुभा खोटे, आणि शुभाताईंची मुलगी भावना बलसावरही त्याच मालिकेत. ‘मिस्टर योगी’चे मूळ मधु राय यांच्या गुजराती कादंबरीत. पुढे २००९ मध्ये त्याच कादंबरीवर हिंदी चित्रपट काढला तो आशुतोष गोवारीकर यांनी, म्हणजे आमच्या वहीत ‘कच्ची धूप’ आणि ‘सर्कस’ या दोन्ही पानांवर नट म्हणून ज्यांचे नाव आहे त्यांनी.

संगीत माझे खाते, म्हणून जरा सविस्तर. ‘खानदान’, ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ या तिन्हींना वनराज भाटिया. एक श्रीमंतांच्या घरातली भांडणे, दुसरी फाळणी, तिसरीच्या सुरुवातीला ऋग्वेदातले नासदीय सूक्त, आणि त्याचा हिंदी अनुवाद आपल्या वसंत देवांचा. भाटिया लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेले. वेदातल्या ऋचेला समूहगानाचा तो भारदस्त आवाज कुठून आला, हे मला फार उशिरा कळले. मराठीत अशोक पत्की. ‘गोट्या’चे शीर्षकगीत त्यांचे, १९८८ च्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’मागे तेच, ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ही त्यांचीच. आमच्या घरात तीन पिढ्या या एका माणसाच्या चालींवर जेवायला बसल्या आहेत.

आता तक्रार. सध्या एका वाहिनीवर जुन्या मालिका पुन्हा दाखवतात. आनंद आहे. पण सुरुवातीची नावे सरसकट कापलेली असतात, आणि शेवटची नावे एका बोटभर चौकटीत कोंबून शेजारी डाळीची जाहिरात लावतात. एका अॅपवर तर ‘सुरुवात वगळा’ असे बटणच आहे, आणि माझा नातू ते डोळे मिटून दाबतो. त्याला दोष कसा देणार? वाहिनीला दोनदा ईमेल पाठवला. “आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद” हे उत्तर दोन्ही वेळा तीन सेकंदांत आले. मागणी फार मोठी नाही. नावे मूळच्या वेगाने, पूर्ण पडद्यावर दाखवा. मिनिट-दीड मिनिटाचा प्रश्न आहे.

त्या वहीत ‘नुक्कड’च्या पानावर माझ्या अक्षरात ‘संगीत : कुलदी’ एवढेच आहे. पुढे पेन्सिलीचा ओरखडा. बहुधा वीज गेली असावी. पुढच्या आठवड्यात मी विसरलो, मग मालिका संपली. अलीकडे एका जुन्या ध्वनिफितीमुळे नाव पूर्ण झाले : कुलदीप सिंग. म्हणजे ‘अंकुश’मधल्या ‘इतनी शक्ती हमें देना दाता’चे संगीतकार. ती प्रार्थना आमच्या शाळेत रोज सकाळी व्हायची. मी तिसऱ्या रांगेत उभा राहून ती म्हणत होतो, घरी येऊन ‘नुक्कड’ची धून शिट्टीवर वाजवत होतो, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहे याचा पत्ता नव्हता.

ती ओळ मी शाईने पूर्ण केली. वहीत अशा अर्धवट ओळी अजून सतरा आहेत.

आपला,
एक जुना प्रेक्षक, डोंबिवली