मंजू, चहाच्या ग्रेडचं एकदा नीट सांगते

प्रिय मंजू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा ऑफिसात आणि एकदा घरी भाजी चिरताना, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर टाइप करायला गेले तर ते काय दोन ओळींत मावेना, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. मसाल्याबरोबर आता लूज चहा पण विकायचा ठरवलंस ते लई भारी केलंस. एजंट बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको), ओएफ (ऑरेंज फॅनिंग्ज) आणि पीडी (पेको डस्ट) असे तीन सॅम्पल देऊन गेला, शिवाय कुणीतरी गिफ्ट दिलेल्या श्रीलंकेच्या डब्यावर ओपी वन लिहिलंय, आणि तुला हवंय की मी तुला "सगळ्यात वरचा ग्रेड" सांगावा म्हणजे तू तोच ठेवशील. अगं तिथंच तर सगळी गंमत आहे, असा सगळ्यात वरचा ग्रेड नसतोच.

तुला माहितीय, आमचं काम कंटेनरच्या कागदपत्रांचं, कोलंबोत आल्यापासून रोज टेबलावर ओपीए, एफबीओपी, बीओपीएफ, डस्ट वन ही अक्षरं बघते. आधी मलाही ती परीक्षेतल्या श्रेणीसारखी वाटायची. मग इथल्या डोंगरात तलवाकेले गावाच्या बाजूला एका चहाच्या फॅक्टरीत बघायला गेलो तेव्हा उजेड पडला. पानं येतात, रात्रभर जाळीच्या लांब हौदांवर पंख्याच्या वाऱ्यात मलूल होतात, मग रोलर त्यांना पिळतो, पिळल्यावर जे बारीक तुकडे चाळून निघतात त्यांना इथले लोक चक्क "धूल" म्हणतात, पहिली धूल, दुसरी धूल असं, मग ती धूल पसरून ठेवतात, तिचा रंग हिरव्याचा तांबडा होतो, ड्रायरमधून काळी होऊन निघते. आणि मग शेवटी चाळण्या. एकावर एक, हलणाऱ्या. त्यातल्या एका मशीनचं नाव "छोटा सिफ्टर", मला तर हसूच आलं. वरच्या जाळीवर राहिलं ते मोठं पान, त्याखाली बीओपी, त्याखाली बीओपीएफ म्हणजे त्याहून बारीक फॅनिंग्ज, आणि तळाला डस्ट. झाला ग्रेड! आपल्या गिरणीत एकाच गव्हाचा भरडा, रवा, पीठ निघतं आणि भरडा फर्स्ट क्लास न् पीठ नापास असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. ओपी म्हणजे ऑरेंज पेको, पण त्यात संत्र्याचा काही संबंध नाही, ते डोक्यातून काढून टाक.

म्हणजे चांगला-वाईट चहा नसतोच का, तर असतो की, पण तो ठरतो कुठल्या मळ्यात, किती उंचीवर, कुठल्या महिन्यात पान तोडलं आणि फॅक्टरीवाल्यानं किती नीट काम केलं यावरून. इथं ४००० फुटांच्या वरचा तो हाय ग्रोन, २०००च्या खालचा लो ग्रोन, मधला तो मिड. डोंगरातले भाग बघ, नुवारा एलियाचा चहा रंगाला फिकट आणि वासाला फुलासारखा, दिंबुलाचा जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत चांगला, आणि उवा म्हणून पूर्वेकडचा डोंगराळ भाग आहे तिथं जुलै ते सप्टेंबर कोरडा वारा सुटतो तेव्हाच्या चहाला चक्क पुदिन्यासारखा थंडगार वास येतो, मी प्यायलेय, कोरा पी म्हणजे कळतं, दुधात घातलास तर पैसे पाण्यात. यातलं काहीच बीओपी या तीन अक्षरांत लिहिलेलं नसतं. लिलावात कधी कधी चांगल्या मळ्याचा डस्ट वन भलत्या मळ्याच्या मोठ्या पानापेक्षा महाग जातो. कोलंबोचा लिलाव १८८३पासून चाललाय, २०२०मध्ये कोरोनात ऑनलाइन गेला, पण खरेदी करणारे अजून आधी चाखूनच घेतात, पांढऱ्या कपांची ही लांब रांग, चमच्यानं सुर्रकन ओढायचं आणि थुंकायचं, आपल्याकडं असं केलं तर आई पाठीत धपाटा घालेल.

आणि दार्जिलिंगचे ते लांबलचक एसएफटीजीएफओपी वन, त्यातल्या एफटीजीएफओपीची लोक "फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल", म्हणजे सामान्य माणसासाठी फारच चांगला, अशी फोड करून हसतात. अक्षरं वाढली की टोकाच्या कोवळ्या कळ्या जास्त आणि तोडणी-निवड जास्त काळजीची, एवढं खरं. पण तुझं कोल्हापुरातलं गिऱ्हाईक ते घेऊन आल्याबरोबर दूध-साखर-आलं घालून खळाखळा उकळणार, मग काय उपयोग सांग.

आता खरी मजा पुढं आहे. मशीन कसं लावायचं हे पिणाऱ्यावरून ठरतं. दक्षिणेकडं रुहुणा म्हणून भाग आहे, लो ग्रोन, तिथं मुद्दाम हलका पीळ देऊन मोठं, काळं, वळलेलं पान काढतात, कारण ते इराक, इराण, तुर्कस्तान, रशिया या बाजूला जातं. तिकडचे लोक काचेच्या छोट्या ग्लासात कोरा पितात, इराणी माणूस साखरेचा खडा दातात धरून पितो, त्याला ग्लासात लाल रंग दिसला पाहिजे आणि गाळ नको. म्हणून ओपी, ओपीए. आमच्याकडं इराणचे कागद आले की सगळे जरा जपून असतात, कारण निर्बंधांमुळं पैशांचं त्रांगडं, २०२१मध्ये तर करारच झाला की श्रीलंकेनं इराणच्या तेलाचे २५.१ कोटी डॉलर थकलेत ते महिन्याला ५० लाख डॉलरचा चहा देऊन फेडायचे. चहा देऊन तेलाची उधारी! तुझ्या वहीतल्या उधारीवाल्यांना सांग हे.

आणि स्वतः श्रीलंकेतले लोक काय पितात? इथला नव्वद टक्क्यांहून जास्त चहा बाहेर जातो, आणि रस्त्यावरच्या दुकानात, त्याला इथं "कडे" म्हणतात, तिथं असतो बीओपीएफ नाहीतर डस्ट. कोरा असेल तर तो "प्लेन टी", नाहीतर "कहट". चांगला दाट, कडू, आणि बऱ्याच ठिकाणी साखर आत घालत नाहीत, तळहातावर गुळाचा तुकडा देतात, तो दातानं तोडायचा आणि वर चहाचा घोट. हा गूळ कितुल नावाच्या झाडाचा, म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड, त्याच्या रसाचा, काळपट, जरा धुरकट चवीचा. मंजू, कोल्हापूरची असून सांगते, या चहाबरोबर आपला गूळ लागणार नाही तसा हा लागतो. घरी नको सांगू कुणाला. पाऊस असला की आलं ठेचून, तो "इंगुरू ते".

दुधाचा मागितलास तर मात्र मिल्क पावडर. मला पहिल्यांदा कसंसंच झालं, एवढं हिरवंगार बेट आणि दूध न्यूझीलंडच्या पाकिटातलं. पण इथं म्हशी-गाईंचा धंदा आपल्यासारखा नाही, आणि पिढ्यान् पिढ्या सवय पावडरचीच, घट्ट, गोड, दोन मगांमध्ये उंचावरून ओतून फेस आणलेला, सोबत साखर लावलेला मगरीच्या आकाराचा लांबडा पाव, किंबुला बनिस. आता मला तोच आवडतो म्हटलं तरी चालेल. पण त्यामुळं २०२२मध्ये देशाकडचे डॉलर संपले तेव्हा बघ काय झालं, चहा बाहेर विकणाऱ्या देशात चहात घालायला दूध नाही, पावडरसाठी रांगा, दुधाच्या चहाचा कप १०० श्रीलंकन रुपयांवर गेला, काही हॉटेलांनी दुधाचा चहाच बंद केला. त्याच्या आदल्या वर्षी सरकारनं रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी घातली होती, मळे भुकेले राहिले आणि ३०० दशलक्ष किलोच्या आसपास होणारं उत्पादन २०२२मध्ये २५०च्या घरात आलं. बंदी त्याच वर्षी मागे घेतली, पण झुडपाला काय, ते त्याच्या वेगानंच सावरणार.

एक सांगायचं राहिलंच असतं, मळ्यावरच्या बायकांचं. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं १८६७मध्ये कँडीजवळ लूलकंदेरा इथं १९ एकरात पहिला मळा लावला, मग कॉफीवर तांबेरा पडून कॉफी मेली आणि सगळे चहाकडं वळले, हे सगळ्या माहितीपत्रकांत असतं. पण पानं तोडायला तमिळनाडूतून आणलेल्या माणसांना देश स्वतंत्र झाल्यावर १९४८मध्ये नागरिकत्वच मिळालं नाही, १९६४मध्ये आपले शास्त्रीजी आणि इथल्या पंतप्रधान सिरिमाओ यांच्या करारात त्यातल्या सव्वापाच लाख लोकांना भारतात पाठवायचं ठरलं, हे पत्रकात नसतं. २०२१ला त्यांची रोजची मजुरी १००० श्रीलंकन रुपये झाली, तेही बरीच वर्षं भांडून. अजून मळ्यावरच्या चाळींत, त्यांना इथं लाइन म्हणतात, एकेका खोलीत घरं आहेत. आणि त्या बायका दुपारी जो चहा पितात तो कोरा, डस्टचा, साखर भरपूर. आसामात तर मळ्यातले मजूर मीठ घातलेला चहा पितात, उन्हात घाम गाळून, पण दिवसभर तेच प्यायल्यानं त्यांच्यात ब्लड प्रेशरचा त्रास फार असं डॉक्टर सांगतात. मोठं पान ज्या हातानं तोडलं त्या हातात ते कपातून क्वचितच परत येतं, याचा मला राग येतो, सिरियसली, पण डस्ट पिते म्हणून ती वाईट चहा पिते असं नाही, पैसे कमी मिळतात हा प्रॉब्लेम आहे.

केनियाचं पण जाता जाता सांगते कारण ते तुझ्या कामाचं आहे. नैरोबीला माझी आतेबहीण आहे, ती म्हणते तिकडं चहा म्हणजे अगदी आपलाच, दूध, पाणी, साखर, पावडर एकत्र उकळायचं, बरोबर मंदाझी, म्हणजे गोडसर तळलेली पुरीच. तिकडं जवळजवळ सगळा सीटीसी, आणि पीएफ वन (पेको फॅनिंग्ज) हा त्यांचा मुख्य ग्रेड, बारीक दाण्याचा, तिकडच्या मोंबासा बंदरातल्या लिलावातून जगभर टी-बॅगांमध्ये जातो. सीटीसी म्हणजे पान पिळायच्याऐवजी दातेरी रुळांतून चिरडून, फाडून त्याचे दाणे करायचे, ते मशीन आपल्याकडंच आसामात आमगुरीच्या मळ्यात १९३०मध्ये मॅककर्चर नावाच्या साहेबानं काढलं. आपली "ममरी" तीच. भारतात होणारा ऐंशी टक्के चहा आपणच पितो, मग आपला चहा आपल्या पातेल्यासाठीच बनणार ना. तेव्हा डस्ट म्हटलं की तुझ्या सासूबाई नाक मुरडतात ते बंद करायला सांग. हां, भेसळीची, रंग लावलेली पावडर वेगळी, थंड पाण्यात टाकल्या टाकल्या लाल झाली तर एजंटला परत कर.

तर तू काय ठेव, विचारशील तर: बीओपीचा मोठा दाणा स्वादासाठी, पीडी रंग आणि कडकपणासाठी, असं दोन्ही घे, निम्मं निम्मं करून बघ, मग थोडं इकडंतिकडं. ओएफ कशाला, तो दोघांच्या मधला, पहिल्या महिन्यात माल अडकवू नकोस. आणि चाखताना कोरा चाखू नकोस, तुझ्या गिऱ्हाइकासारखाच कर, म्हशीचं दूध घालून, तुझाच मसाला टाकून, कारण मसाला जोरात असला तर महाग आसाम कशाला घालायचा. पाकिटावर ग्रेड लिहायचाच तर लिही, पण बरोबर कुठला बाग, कुठला महिना हे पण एजंटकडून वदवून घे, नाही सांगितलं तर भाव पाडून माग.

तो गिफ्टचा ओपी वन उकळू नकोस बाई. चहा किटलीत घालून उकळतं पाणी ओत, पाच मिनिटं झाक, गाळ, कोरा पी, गुळाबरोबर. माझा एक कलीग पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, त्याच्याकडं उवाचा थोडा आणि कितुलचा गूळ देते, कुरिअर तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर करू की घरच्या ते कळव, आणि पीडीचा किलोचा शेवटचा भाव काय सांगितला एजंटनं ते पण कळव, मला तुझ्या मेसेजमधला तो पहिला आकडा जास्तच वाटला.

तुझी,
सुनी